रक्ताचा वारसा : सिकलसेल रोगाची ओळख

"खाण तशी माती" ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. मुलाचा चेहरा बापावर गेला, मुलीचा आवाज थेट आईसारखा आहे, आजोबांचें नाक नातवाला आलें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु जें डोळ्यांना दिसतें तेवढेंच वारशानें येतें असें नाहीं. कांहीं गोष्टी रक्तांत लपून राहतात, एखादी पिढी मुकाट्यानें ओलांडतात आणि पुढच्या पिढींत एकाएकीं प्रकट होतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील कित्येक घरांत असा एक लपलेला वारसा चालत आला आहे. त्याचें नांव सिकलसेल.

आईबाप दोघेही धडधाकट, शेतांत दिवसभर राबणारे. आणि त्यांचें मूल मात्र फिकट, वारंवार आजारी पडणारें, हातापायांच्या वेदनांनीं तळमळणारें. असें दृश्य जेथें दिसतें तेथें ती म्हण खोटी पडल्यासारखी वाटते. मग लोक कारण शोधूं लागतात, आणि खरें कारण ठाऊक नसल्यामुळें दोष बहुधा सुनेच्या माथीं येतो. तिचा पायगुण वाईट, तिच्या माहेरचें रक्त वाईट, असें बोललें जातें. हें बोलणें किती निराधार आहे, आणि सत्य काय आहे, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना समजावें एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

रोगाचें स्वरूप

निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या, मध्यें किंचित् दबलेल्या व लवचीक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु घेतें व सर्व शरीराला पोंचवितें. पेशी लवचीक असल्यामुळें केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांतूनही वांकून, दबून पार होते. सिकलसेलच्या रोग्यांत हें हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचें असतें. त्यानें प्राणवायु सोडून दिला कीं त्याचे कण एकमेकांस चिकटून त्यांच्या लांबट काड्या बनतात, आणि त्या काड्यांच्या ताणानें पेशीला गवत कापण्याच्या विळ्यासारखा आकार येतो. इंग्रजींत विळ्याला सिकल व पेशीला सेल म्हणतात. त्यावरून या रोगाचें नांव पडलें.

विळ्यासारखी झालेली पेशी ताठर असते. ती बारीक रक्तवाहिनींत अडकते, तिच्यामागें दुसरी अडकते. आणि पाटांत गवताचा भारा अडकला म्हणजे पुढचा वाफा जसा कोरडा पडतो, तशी शरीराच्या त्या भागाची स्थिति होते. हाडें, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा उठतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात. प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतों, ती हळूहळू निकामी होते, आणि तिच्या अभावीं साध्या वाटणाऱ्या तापाचेंही गंभीर दुखणें होऊं शकतें. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटून जाते. त्यामुळें अंगांत रक्त नेहमीं कमी राहतें व डोळे पिंवळे दिसतात.

बाळ जन्मल्याबरोबर हा रोग दिसून येत नाहीं. गर्भांत असतांना बाळाच्या रक्तांत वेगळ्या जातीचें हिमोग्लोबिन असतें, व तें जन्मानंतरही पहिले कांहीं महिने त्याचें रक्षण करतें. तें ओसरलें कीं, साधारणपणें सहा महिन्यांच्या सुमारास, लक्षणें दिसूं लागतात. जन्मतः गुटगुटीत असलेलें बाळ पुढें खंगूं लागलें म्हणजे "दृष्ट लागली" असें म्हणण्याचा मोह होतो, त्याचें कारण हेंच होय.

शोधाची हकीकत

या पेशींचें पहिलें वर्णन अमेरिकेंतील शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलें. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत त्यांना विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्या. पुढें १९४९ सालीं दोन महत्त्वाचे शोध लागले. जेम्स नील यांनीं दाखवून दिलें कीं रोग्याला हा दोष आई व बाप या दोघांकडूनही आलेला असतो. त्याच वर्षीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें कीं मूळ बिघाड पेशीच्या आकारांत नसून हिमोग्लोबिनच्या घडणींतच आहे.

तो बिघाड नेमका कोठें आहे, हें केंब्रिज येथील व्हर्नन इन्ग्रम यांनीं १९५६ व १९५७ सालीं शोधून काढलें. हिमोग्लोबिन हें लहान लहान दुव्यांच्या सांखळ्यांचें बनलेलें असतें. त्यांपैकीं बीटा नांवाच्या सांखळींत १४६ दुवे आहेत. रोग्याच्या सांखळींत इतर सर्व दुवे जागच्या जागीं असतात. फक्त सहावा दुवा बदललेला असतो. शरीराची घडण कशी करावी याच्या सूचना प्रत्येक पेशींत रासायनिक अक्षरांनीं लिहिलेल्या असतात. एका घडणीची जी सूचना तिला जनुक म्हणतात. बीटा सांखळीच्या जनुकांत केवळ एक अक्षर बदललें कीं सहावा दुवा चुकतो. पाककृति उतरून घेतांना कोणीं "मीठ" या शब्दाऐवजीं "पीठ" लिहिलें, तर अक्षर एकच बदलतें, पण भाजीची चव पार बिघडते. तसाच हा प्रकार आहे.

आपल्या देशांत हा दोष प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत आढळला. १९५८ सालीं शुक्ला व सोळंकी या वैद्यांनीं मध्य भारतांतील लोकांत तो असल्याचें नमूद केलें. महाराष्ट्रांत याविषयीं दीर्घ काळ काम करणाऱ्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांनीं आदिवासी भागांतून रक्ताच्या तपासण्या करून रोगाचा विस्तार जगापुढें मांडला. या कार्याबद्दल २०१९ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली.

वारसा कसा उतरतो

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. निरोगी आईबापांना रोगी मूल कसें होतें? याचें उत्तर एका मठांतील बागेंत, वाटाण्याच्या वेलींवर मिळालें होतें. ब्रून शहराच्या मठांत राहणारे ग्रेगोर मेंडेल यांनीं आपले प्रयोग १८६५ सालीं विद्वानांपुढें वाचून दाखविले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा त्यांनीं संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सारे दाणे गोलच निघाले. सुरकुती नाहींशी झाली असें वाटलें. परंतु त्या गोल दाण्यांपासून वाढविलेल्या झाडांना जे ७,३२४ दाणे आले, त्यांत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे तीनास एक हें प्रमाण जवळजवळ तंतोतंत उतरलें. सुरकुती नष्ट झालेली नव्हती. ती गोलपणाच्या आड लपली होती.

मनुष्याचेंही असेंच आहे. बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांजवळ असतात, एक आईची व एक बापाची. हिमोग्लोबिनच्या या जनुकाची एक प्रत सदोष व दुसरी चांगली असेल, तर चांगली प्रत काम भागवून नेते; असा माणूस सिकलसेलचा वाहक होय. तो रोगी नव्हे. त्याला नेहमींच्या आयुष्यांत कसलाही त्रास होत नाहीं. तो शेती करतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहों याची त्याला वार्ताही नसते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच मनुष्य रोगी होतो. यावरून विवाहांचे पुढील प्रकार विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावे.

१. एक जोडीदार वाहक व दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर प्रत्येक मूल वाहक असण्याचा संभव निम्मा. परंतु कोणतेंही मूल रोगी होत नाहीं.

२. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं रोगी मुलाचा संभव चारांत एक, वाहकाचा चारांत दोन, व पूर्ण निर्दोष मुलाचा चारांत एक.

३. एक रोगी व दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर सर्व मुलें वाहक होतील, परंतु रोगी एकही नाहीं.

४. एक रोगी व दुसरा वाहक असेल, तर प्रत्येक मूल रोगी असण्याचा संभव निम्मा.

दुसऱ्या प्रकारासंबंधीं एक गैरसमज फार आढळतो. चारांत एक म्हणजे पहिलें मूल रोगी झालें कीं पुढचीं तीन निश्चित चांगलीं होतील, असा अर्थ कांहीं लोक घेतात. तो चुकीचा आहे. नाणें एकदां उडविलें व छाप पडला, म्हणून पुढच्या वेळीं कांटाच पडला पाहिजे असें बंधन नाण्यावर नसतें. त्याचप्रमाणें प्रत्येक गर्भाच्या वेळीं हा हिशेब नव्यानें सुरू होतो.

याच ठिकाणीं सुनेवरील आरोपाचा निकाल लागतो. मूल रोगी झालें याचा अर्थ एक सदोष प्रत आईची व दुसरी बापाची, दोघांकडून एकेक आली असा होतो. केवळ आईच्या रक्तानें हा रोग कधींच होत नाहीं. जो बाप व जी सासू सुनेला बोल लावतात, त्यांच्या स्वतःच्या घराण्यांतूनही तोच वारसा आलेला असतो. आणि खरें पाहतां यांत दोघांपैकीं कोणाचाच अपराध नाहीं; कारण आपल्या जन्माचे जनुक कोणीही निवडून घेत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील स्थिति

धुळें जिल्ह्यांतून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्याची लोकसंख्या सुमारें साडेसोळा लाख होती, व तींत दर शंभरांत ६९ जण अनुसूचित जमातींचे होते. महाराष्ट्रांतील पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओतकर या समाजांत सिकलसेलच्या जनुकाचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ इतकें मोठें आढळलें आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व यवतमाळ या जिल्ह्यांत रोग्यांची संख्या प्रत्येकीं पांच हजारांहून अधिक असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या आंकड्यांचा अर्थ साध्या गणितानें समजतो. एखाद्या समाजांत शंभरांत २० जण वाहक आहेत व रक्ताची तपासणी न करतां लग्नें जुळत आहेत, असें धरूं. वराचा वाहक असण्याचा संभव पांचांत एक, वधूचाही पांचांत एक. म्हणून दर पंचवीस जोडप्यांत एक जोडपें असें निघेल कीं ज्यांत दोघेही वाहक आहेत. त्यांच्या मुलांत चारांत एक रोगी. म्हणजे त्या समाजांत जन्मणाऱ्या दर शंभर बालकांमागें सुमारें एक बालक हा रोग घेऊन येईल. मोठ्या गांवांत किंवा आश्रमशाळेंत शंभर मुलें कितीदां मोजतां येतात याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाची व्याप्ति कळून येते.

हा दोष याच प्रदेशांत एवढा कां टिकला? त्याचेंही उत्तर मिळालें आहे. १९५४ सालीं अँथनी अॅलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं वाहक असलेल्या मुलांना हिंवतापाचा घातक प्रकार इतरांपेक्षां कमी बाधतो. हिंवतापाच्या मुलखांत निर्दोष रक्ताचीं मुलें तापानें दगावत, दोन सदोष प्रतींचीं मुलें सिकलसेलनें दगावत, आणि वाहक तेवढे तगून राहत. सातपुड्याच्या पायथ्याचा व नवापूरकडील जंगलांचा मुलूख हिंवतापाविषयीं पूर्वीं कुप्रसिद्धच होता. म्हणून ज्याला आपण दोष म्हणतों त्यानेंच एके काळीं अनेक पूर्वजांचे प्राण वांचविले असले पाहिजेत. तो कोणत्याही जमातीच्या हीनपणाची खूण नव्हे. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, अशा हिंवतापाच्या अनेक मुलखांत तो आढळतो; आणि विदर्भांत तो आदिवासी नसलेल्या अनेक जातींतही आहे.

वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे

सिकलसेलमध्यें एका जनुकावरून निदान नेमकें करतां येतें. परंतु सर्वच आनुवंशिक गोष्टी इतक्या सरळ नसतात. पुष्कळ रोगांत वारसा हा निकाल देत नाहीं. तो पारडें थोडें इकडे किंवा तिकडे झुकवितो इतकेंच. उदाहरणार्थ, पुरुषांच्या मूत्राशयाखालीं असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग घ्या. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांतील जुळ्या भावंडांच्या पाहणीवरून २०१६ सालीं असा निष्कर्ष निघाला कीं त्या लोकांत या रोगाच्या धोक्यांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यांतील सुमारें ५७ टक्के फरक वारशाशीं निगडित आहे. परंतु तो वारसा एका जनुकाचा नाहीं. शेंकडों ठिकाणच्या बारीक फरकांची ती गोळाबेरीज आहे. त्यांतील प्रत्येक फरक एकटा फारसें कांहीं करीत नाहीं. बीआरसीए-२ या १९९५ सालीं सांपडलेल्या जनुकांतील बिघाडासारखा एखादाच बिघाड धोका पुष्कळ वाढवितो. त्याच बिघाडामुळें स्त्रियांत स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग होऊं शकतो. म्हणून पुरुषाला तो आईकडूनही येऊं शकतो. तरीसुद्धां तो असणाऱ्या प्रत्येकाला रोग होतोच असें नाहीं, आणि रोग होणाऱ्या बहुतेकांत तो नसतो.

यावरून पालकांनीं घ्यावयाचा धडा एवढाच कीं घराण्यांतील आजारांची माहिती लपवूं नये. बाप, चुलता, भाऊ यांना प्रोस्टेटचा, किंवा आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, म्हणजे तपासणी केव्हां सुरू करावी हें त्यांना ठरवितां येतें. वारशाचें ज्ञान भिण्यासाठीं नसून वेळेवर सावध होण्यासाठीं असतें. सिकलसेलच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे.

आपलें कर्तव्य

पहिलें कर्तव्य तपासणीचें. बोटांतून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक तपासणी होते. द्रावण गढूळ झालें तर सदोष हिमोग्लोबिन आहे असें समजतें. परंतु मनुष्य वाहक आहे कीं रोगी, हें तेवढ्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं दुसरी, अधिक सूक्ष्म तपासणी करावी लागते. म्हणून पहिल्या तपासणीवर थांबूं नये, व अर्धवट माहितीनें घाबरूंही नये. १ जुलै २०२३ रोजीं, म्हणजे योगायोगानें आपल्या जिल्ह्याच्या स्थापनादिनींच, केंद्र सरकारनें मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करावी, व २०४७ सालापर्यंत हा रोग आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून राहूं नये, असें तिचें उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर मिळणारें ओळखपत्र जपून ठेवावें व सोयरीक जुळवितांना दोन्ही बाजूंनीं तें पाहावें. पत्रिकेंतील गुण जुळविण्यास जो वेळ आपण देतों, त्याच्या अंशानेंही वेळ यास लागत नाहीं.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. वाहक मुलगी किंवा मुलगा लग्नास अपात्र आहे असें कोणीही समजूं नये. निर्दोष जोडीदाराशीं विवाह झाल्यास त्यांचें एकही मूल सिकलसेलचें रोगी होत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. मात्र जोडीदाराला थॅलॅसीमिया नांवाच्या दुसऱ्या रक्तदोषाचें वाहकपण नाहीं, हेंही तपासून घ्यावें. कारण ते दोन दोष एकत्र आले तरी मूल रोगी होऊं शकतें. विवाह आधींच झाला असेल व दोघे वाहक असतील, तर गरोदरपणाच्या आरंभींच रुग्णालयांत जाऊन सल्ला घ्यावा.

दुसरें कर्तव्य रोग्याच्या शुश्रूषेचें. रोग जन्मभराचा असला तरी नीट काळजी घेतल्यास रोगी शिकतात, काम करतात, संसार करतात. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नियमित घेतल्यास वेदनांचे झटके कमी होतात. लहानपणीं पेनिसिलिन, ठरलेल्या लसी व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या यांचा मोठा आधार असतो. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिका येथें जनुकांतच दुरुस्ती करणाऱ्या एका उपचाराला मान्यता मिळाली. परंतु तो अत्यंत खर्चाचा असून सामान्य रोग्याच्या आटोक्याबाहेर आहे. आपल्या हातांत आज जें आहे तें म्हणजे वेळेवर औषध, भरपूर पाणी, आणि ताप आल्यास त्याच दिवशीं दवाखाना. ताप किंवा छातींतील कळ यांवर घरगुती उपाय करीत बसणें जिवावर बेतूं शकतें.

तिसरें कर्तव्य खास विद्यार्थ्यांचें. आपल्या वर्गांत असा एखादा सोबती असेल. तो पुनः पुन्हां पाणी पितो व लघवीस जाण्याची परवानगी मागतो, कारण त्याच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवतां येत नाहीं. तो कवाइतींत मागें राहतो, थंडींत कुडकुडतो, महिन्यांतून चार दिवस गैरहजर असतो. त्याला आळशी म्हणूं नका. त्याचा रोग शिवल्यानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा शेजारीं बसल्यानें लागत नाहीं; तो फक्त जन्मानेंच येतो. त्याची पाण्याची बाटली भरून आणा, चुकलेला अभ्यास उतरून द्या, आणि त्याचें अंग दुखूं लागलें तर ताबडतोब गुरुजींना सांगा.

आज शाळेंत बसलेले विद्यार्थी दहापंधरा वर्षांनीं स्वतः आईबाप होतील. पूर्वजांनीं आपल्या हातीं जो वारसा दिला तो बदलणें आपल्या स्वाधीन नाहीं. परंतु पुढच्या पिढीच्या हातीं काय द्यावयाचें, हें मात्र एका रक्ताच्या थेंबाच्या तपासणीनें पुष्कळ अंशीं आपल्या स्वाधीन होतें. ज्या घरांत ही गोष्ट समजली, तेथें रोगी मुलाला औषध वेळेवर मिळेल, सुनेला बोल लागणार नाहीं, आणि लग्नाच्या बोलण्यांत रक्ताची तपासणी ही लाजेची नव्हे तर शहाणपणाची गोष्ट ठरेल. तेव्हां विद्यार्थ्यांनीं हा पाठ घरीं आईबापांना, व ज्यांना वाचतां येत नाहीं अशा आजीआजोबांना, वाचून दाखवावा आणि तपासणीस जातांना त्यांनाही बरोबर न्यावें.